फरक मिळाला, कर कापला गेला : कलम ८९ ची सवलत पदरात कशी पाडून घ्यायची

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये फेब्रुवारी उजाडला की पगाराची चर्चा थांबते आणि कापलेल्या कराची सुरू होते. ज्यांना त्या वर्षी ‘फरक’ मिळालेला असतो त्यांचे चेहरे जास्त पडलेले. कुणाला बारा वर्षांची वरिष्ठ वेतनश्रेणी उशिरा लागलेली असते (जिल्हा परिषदेत तिला अजूनही सगळे ‘चटोपाध्याय’च म्हणतात), कुणाची वेतननिश्चिती चार वर्षं अडकून एकदाची सुटलेली असते, कुणाला महागाई भत्त्याची थकबाकी मिळालेली असते. तीन-चार वर्षांचे पैसे एका फटक्यात येतात आणि त्याच वर्षाच्या उत्पन्नात धरले जातात. पगाराचं उत्पन्न वरच्या टप्प्यात चढतं आणि फेब्रुवारीचं पगारपत्रक हातात आलं की डोळे पांढरे होतात.

वेळेवर पगार न मिळण्यात तुमचा दोष नव्हता, म्हणून उशिरा मिळाल्याचा भुर्दंड तुमच्यावर पडू नये, अशी सोय आयकर कायद्यात आहे : १९६१ च्या कायद्याचं कलम ८९, त्याचा हिशोब सांगणारा नियम २१ए आणि तो हिशोब कळवायचा फॉर्म १०ई. ज्या वर्षी फरक मिळाला त्या एका वर्षाच्या रिटर्नमध्ये, थेट करातून वजा होणारी ही सवलत आहे. ८०सी सारखी उत्पन्नातून होणारी वजावट वेगळी आणि ही वेगळी. इथला प्रत्येक रुपया हा कराचाच रुपया.

पण ही सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायचा क्रम ठरलेला आहे : आधी फॉर्म १०ई, मग रिटर्न. मी स्वतः पहिल्यांदा हा क्रम चुकवला होता. फॉर्म १६ मध्ये, म्हणजे पगार आणि कापलेला कर यांच्या दाखल्यात, ऑफिसनं कलम ८९ ची रक्कम दाखवली होती. मी ती तशीच रिटर्नमध्ये उतरवली आणि निवांत झालो. काही महिन्यांनी ईमेल आला : फॉर्म १०ई ऑनलाइन भरलेला नसल्यामुळे सवलत नाकारली आहे, कमी भरलेला कर व्याजासह भरा. चूक माझीच होती. तेव्हापासून स्टाफरूममधल्या इतरांचे फॉर्म भरून द्यायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

आधी पाहा, सवलत बसते का

फरक मिळाला म्हणजे सवलत मिळणारच, असं नाही. हे न पाहता लोक दोन-दोन संध्याकाळी फॉर्ममध्ये घालवतात आणि शेवटी उत्तर शून्य येतं.

हिशोबाचं तत्त्व साधं आहे. फरकामुळे यंदा किती कर वाढला ते काढायचं. तोच फरक ज्या त्या वर्षी वेळेवर मिळाला असता तर त्या त्या वर्षी किती कर वाढला असता, ते काढायचं. यंदाची वाढ जास्त असेल तर जेवढी जास्त तेवढी सवलत. कमी किंवा तितकीच असेल तर सवलत नाही, पण वरून काही भरावंही लागत नाही.

२०२५-२६ या आर्थिक वर्षात या गणितात एक नवीन गंमत झाली आहे. नव्या करपद्धतीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत; वजावटींची ती जुनी पद्धत) १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७ए च्या सूटीमुळे कर शून्य होतो. त्यामुळे तीन प्रकारची माणसं दिसतात.

पहिला प्रकार : फरक धरूनही उत्पन्न १२ लाखांच्या आत. समजा फरकासह ११,६०,००० झाले. कर ५६,००० निघतो आणि तो सगळा सूटीत जातो. यंदाचा वाढीव करच शून्य, तर सवलत कशाची? फॉर्म १०ई भरायची गरज नाही. ऑफिसनं टीडीएस (पगारातूनच कापून भरला जाणारा कर) कापला असेल तर नेहमीचं रिटर्न भरून परत घ्या.

दुसरा प्रकार : फरकाशिवायही उत्पन्न १२ लाखांच्या बरंच वर. समजा फरकाशिवाय १३ लाख, फरक १ लाख, आणि तो सगळा २०२२-२३ चा, जेव्हा तुम्ही जुन्या पद्धतीत ७ लाखांवर कर भरत होता. यंदा त्या १ लाखावर १५ टक्के आणि उपकर (करावर लागणारे आणखी ४ टक्के) मिळून १५,६०० रुपये कर लागतो. त्या वर्षी २० टक्के आणि उपकर मिळून २०,८०० लागला असता. म्हणजे उशिरा मिळून तुमचे ५,२०० रुपये वाचलेच. सवलत नाही, आणि तक्रार करायलाही जागा नाही.

तिसरा प्रकार : फरकाशिवाय १२ लाखांच्या आत आणि फरकामुळे बाहेर. खरा मार बसतो तो यांना, कारण फरकावरचा कर तर लागतोच, शिवाय हातातली सगळी सूट निसटते. (१२ लाखांच्या थोडंच वर, साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत उत्पन्न गेलं तर सीमांत सवलतीमुळे मार थोडा सौम्य होतो. त्यापुढे नाही.) पुढचं उदाहरण अशाच एका बाईंचं घेऊ.

जुनी पद्धत निवडणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे ५ लाख आणि १० लाख या दोन रेषा महत्त्वाच्या. फरकामुळे यंदा १० लाखांची रेषा ओलांडली आणि मागच्या वर्षांत तुम्ही तिच्या आत होता, तर सवलत बहुतेक बसतेच.

कोणकोणत्या रकमांना ही सवलत आहे

पगाराची थकबाकी, महागाई भत्त्याची थकबाकी, पदोन्नती किंवा वेतनश्रेणीचा फरक, आगाऊ मिळालेला पगार आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची थकबाकी, हे सगळं यात येतं. कुटुंब निवृत्तिवेतन ‘पगार’ या सदरात नसून ‘इतर स्रोत’ या सदरात धरलं जातं, म्हणून पुष्कळ भगिनी ही सवलत सोडून देतात. सोडू नका, कायद्यात ते स्पष्ट आहे.

पाच वर्षं किंवा त्याहून जास्त सेवेची करपात्र ग्रॅच्युइटी, नोकरी संपवल्याबद्दलची भरपाई आणि अंशराशीकरण केलेलं (एकरकमी घेतलेलं) निवृत्तिवेतन यांच्यासाठीही फॉर्म १०ई मध्ये वेगळी परिशिष्टं आहेत. त्यांचे हिशोब वेगळे असतात, इथे त्यात शिरत नाही. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांनी एवढं मात्र ध्यानात ठेवावं : त्या रकमेवर कलम १०(१०सी) ची करमाफी घेतली असेल तर त्याच रकमेवर कलम ८९ घेता येत नाही.

यंदाचा बोनस, यंदाची वेतनवाढ यांना फरक म्हणत नाहीत. मागच्या वर्षी देय होतं आणि यंदा मिळालं, तरच तो फरक.

आणि एक गैरसमज. सातव्या वेतन आयोगाचा फरक राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १ जानेवारी २०१६ पासूनचा होता. प्रत्यक्ष वेतन जानेवारी २०१९ पासून सुरू झालं आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायचं ठरलं. ज्यांचं भविष्य निर्वाह निधी खातं होतं त्यांचे हप्ते त्या खात्यात जमा झाले. ‘हातात रुपया आला नाही, मग कर कसला?’ असं तेव्हा प्रत्येक शाळेत ऐकू येत होतं. पण खात्यात जमा झाला तरी तो त्या वर्षाचा पगारच. त्यावर कर लागतो, आणि म्हणूनच त्यावर कलम ८९ ची सवलतही मागता येते.

खरं काम : वर्षनिहाय फोड

फॉर्म ऑनलाइन भरायला अर्धा तास लागतो. आकडे गोळा करायला आठवडा लागू शकतो. म्हणून जुलैची वाट पाहू नका. फरकबिल मंजूर झालं की त्याच आठवड्यात कार्यालयातल्या लिपिकांकडून फरकाच्या तक्त्याची प्रत मागून घ्या. देय वेतन, अदा वेतन आणि फरक असे रकाने असलेला महिनावार तक्ता बिलासोबत जोडलेला असतोच. तो तेव्हा मिळतो चहाच्या कपावर. वर्षभरानं मागायला गेलात तर आधी कपाट शोधावं लागतं आणि मग किल्ली.

महिन्यांची बेरीज आर्थिक वर्षानुसार करायची आहे. इथे सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या लोकांनी थोडं थांबायचं. मार्चचा पगार १ एप्रिलला देय होतो, म्हणून तुमच्या फॉर्म १६ मध्ये वर्ष मार्च ते फेब्रुवारी असं धरलेलं असतं. मग फरकाची फोडही तशीच हवी : मार्च २०२३ चा फरक २०२३-२४ मध्ये, मार्च २०२४ चा २०२४-२५ मध्ये. खाजगी कंपनीत मार्चचा पगार मार्चमध्येच देय असेल तर फोड सरळ एप्रिल ते मार्च. एक महिना इकडचा तिकडे झाला म्हणून आभाळ कोसळत नाही, पण फॉर्म १६ आणि फोड एकाच मापानं मोजलेली असावी.

फोड झाली की खाली सगळ्या वर्षांची बेरीज मारा. ती यंदाच्या फॉर्म १६ मधल्या फरकाच्या रकमेशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. कार्यालयाकडून ही फोड सही-शिक्क्यानिशी घेतलीत तर उत्तम. फॉर्म १०ई सोबत ती जोडावी लागत नाही, पण पुढे कुणी विचारलं तर दाखवायला तीच असते.

दुसरा आकडा हवा तो त्या प्रत्येक मागच्या वर्षाच्या करपात्र उत्पन्नाचा, म्हणजे सगळ्या वजावटी जाऊन उरलेल्या ‘टोटल इन्कम’चा. एकूण पगार नाही. स्टाफरूममध्ये दहातले चार जण इथेच चुकतात आणि फॉर्म १६ च्या पहिल्या पानावरचा ढोबळ पगार टाकतात. हा आकडा त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये असतो. रिटर्न तपासून विभागाकडून कलम १४३(१) खाली सूचनापत्र आलं असेल तर त्यातला ‘विभागानं काढलेला’ आकडा घ्या. पोर्टलवर लॉगिन करून ‘ई-फाइल’, मग ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’, मग ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’ इथे जुनी रिटर्नं डाउनलोड होतात.

तिसरी गोष्ट : त्या त्या वर्षी तुम्ही जुनी पद्धत घेतली होती की नवी, आणि तेव्हा दर काय होते. मागच्या वर्षाचा कर त्या वर्षाच्या दरानंच काढायचा, आजच्या नाही. जुन्या पद्धतीतले दर २०१७-१८ पासून तेच आहेत : अडीच लाखांपर्यंत शून्य, ५ लाखांपर्यंत ५ टक्के, १० लाखांपर्यंत २० टक्के, पुढे ३० टक्के. त्याआधी, २०१६-१७ पर्यंत, अडीच ते पाच लाखांवर १० टक्के होता. उपकर २०१७-१८ पर्यंत ३ टक्के आणि २०१८-१९ पासून ४ टक्के. नवी पद्धत २०२०-२१ पासून आली आणि तिचे टप्पे २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ अशा तीन वर्षी बदलले. त्यामुळे नव्या पद्धतीत असणाऱ्यांनी वर्ष नीट पाहूनच दर लावायचे.

वयही त्या वर्षीचंच. आज तुम्ही निवृत्त आणि साठीच्या पुढचे असाल, पण फरक ज्या वर्षाचा आहे तेव्हा ५७ वर्षांचे होता, तर जुन्या पद्धतीतली ज्येष्ठ नागरिकांची ३ लाखांची मर्यादा त्या वर्षाला लागत नाही.

आणि ८७ए ची सूट विसरू नका, ना यंदाच्या हिशोबात ना मागच्या. समजा २०२१-२२ मध्ये जुन्या पद्धतीत तुमचं करपात्र उत्पन्न ४,८०,००० होतं. सूटीमुळे कर शून्य. त्या वर्षाचा ५०,००० फरक त्यात मिळवला की ५,३०,००० होतात, सूट जाते आणि कर उपकरासह १९,२४० निघतो. ५० हजारांच्या फरकावर १९ हजारांची वाढ! ही वाढ मागच्या वर्षाच्या बाजूला बसते, म्हणून सवलत तेवढी घटते. आवडो न आवडो, कायद्याचा हिशोब तसाच आहे. सवलत बसावी म्हणून हा आकडा खाली ओढू नका.

बाईंचा हिशोब

या बाई काल्पनिक, पण असे हिशोब मी कागदावर पुष्कळ मांडलेत. त्यांना २०२५-२६ मध्ये वरिष्ठ वेतनश्रेणीचा २,४०,००० रुपये फरक मिळाला. फोड केल्यावर २०२२-२३ चे ६०,०००, २०२३-२४ चे ८०,००० आणि २०२४-२५ चे १,००,००० निघाले. पहिली दोन वर्षं बाई जुन्या पद्धतीत होत्या. २०२४-२५ मध्ये त्यांनी नवी घेतली आणि यंदाही नवीच.

यंदाचं फरकाशिवायचं करपात्र उत्पन्न, ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन, ११,४०,०००. यावर कर ५४,००० आणि सूटही ५४,०००, म्हणजे शून्य. फरक धरून १३,८०,०००. चार ते आठ लाखांवर २०,०००, आठ ते बारा लाखांवर ४०,०००, वरच्या १,८०,००० वर १५ टक्क्यांनी २७,०००, एकूण ८७,०००. त्यावर ४ टक्के उपकर ३,४८०. म्हणजे ९०,४८०. फरकानं यंदाचा कर शून्यावरून इथे नेला.

आता मागची वर्षं. सगळे कर उपकरासह आहेत.

| वर्ष | करपात्र उत्पन्न | फरक | फरकाशिवाय कर | फरकासह कर | वाढ |
|---|---|---|---|---|---|
| २०२२-२३ (जुनी) | ६,२०,००० | ६०,००० | ३७,९६० | ५०,४४० | १२,४८० |
| २०२३-२४ (जुनी) | ७,००,००० | ८०,००० | ५४,६०० | ७१,२४० | १६,६४० |
| २०२४-२५ (नवी) | ९,८०,००० | १,००,००० | ४९,९२० | ६४,४८० | १४,५६० |

वेळेवर मिळालं असतं तर बाईंनी तिन्ही वर्षं मिळून ४३,६८० जास्त भरले असते. यंदा भरावे लागतात ९०,४८०. दोन्हींतली तफावत ४६,८००, हीच कलम ८९ ची सवलत. बाईंचा या वर्षाचा कर ४३,६८० वर येतो. ऑफिसनं पूर्ण ९०,४८० कापले असतील तर ४६,८०० परत मिळतात.

२०२४-२५ च्या ओळीत एक गोष्ट दिसते. ९,८०,००० वर १ लाख मिळवताना पहिले २०,००० दहा टक्क्यांत आणि उरलेले ८०,००० पंधरा टक्क्यांत गेले. फरक दोन टप्प्यांत विभागला जातो तिथे सरसकट एका दरानं गुणाकार केला की आकडा चुकतो. म्हणून दोन्ही उत्पन्नांवरचा पूर्ण कर वेगवेगळा काढायचा आणि मग वजाबाकी करायची.

ऑफिसला आधीच दिलं तर

सरकारी कर्मचारी, स्थानिक स्वराज्य संस्था, कंपन्या, सहकारी संस्था, विद्यापीठं आणि इतर संस्थांमधल्या लोकांना फॉर्म १०ई मधला तपशील आपल्या कार्यालयाला देता येतो. मग कलम १९२(२ए) प्रमाणे पगार काढणारे अधिकारी टीडीएस कापतानाच सवलत धरू शकतात. जानेवारीतच हिशोब दिलात तर फेब्रुवारीचा पगार वाचतो आणि परताव्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र कार्यालयात कागद दिला म्हणून पोर्टलवरचा फॉर्म चुकत नाही. वर सांगितलेली माझी फजिती याच समजुतीतून झाली होती.

कार्यालय ‘तुम्ही तुमच्या रिटर्नमध्ये बघा’ म्हणालं, तरी वाद घालत बसू नका. रिटर्नमधून सवलत तितकीच मिळते, फक्त पैसे उशिरा येतात.

पोर्टलवर फॉर्म १०ई

आयकर विभागाच्या ई-फाइलिंग पोर्टलवर पॅन टाकून लॉगिन करा. ‘ई-फाइल’, त्याखाली ‘इन्कम टॅक्स फॉर्म्स’, त्याखाली ‘फाइल इन्कम टॅक्स फॉर्म्स’. समोर फॉर्मचं मोठं भेंडोळं येतं. आपला फॉर्म शेवटच्या टॅबमध्ये आहे, जिथे ‘पर्सन्स नॉट डिपेंडंट ऑन एनी सोर्स ऑफ इन्कम’ असं लिहिलेलं असतं. नावावरून कुणालाही हा टॅब आपला वाटणार नाही. शोधपेटीत ‘१०ई’ टाकलं तर सरळ सापडतो.

मग ‘असेसमेंट इयर’ विचारतात. चुकायची सर्वांत सोपी जागा हीच. फरक ज्या आर्थिक वर्षात मिळाला, त्याच्या पुढचं वर्ष निवडायचं. २०२५-२६ मध्ये मिळाला म्हणजे असेसमेंट इयर २०२६-२७. फरक २०२२-२३ चा आहे म्हणून २०२३-२४ निवडणारे मी पाहिलेत. मागच्या कुठल्याही वर्षासाठी वेगळा फॉर्म भरायचा नाही आणि जुनी रिटर्नं उघडायचीही नाहीत. सगळी मागची वर्षं या एकाच फॉर्मच्या तक्त्यात येतात.

पुढे परिशिष्ट निवडायचं : पगाराच्या थकबाकीसाठी परिशिष्ट १. त्यात वरच्या भागात यंदाचे आकडे आणि खाली ‘टेबल ए’ मध्ये मागच्या वर्षांच्या ओळी. पहिल्याच रकान्यात यंदाचं उत्पन्न फरक वगळून मागितलेलं असतं आणि फरक त्याच्या खालच्या रकान्यात. पहिल्या रकान्यातही फरकासहचा आकडा टाकला तर फरक दोनदा धरला जातो आणि सवलत फुगते. अशी फुगलेली सवलत पाहून खूश होऊ नका, ती परत जाते.

कराचे आकडे पोर्टलवर दिसले तरी ते तुमच्या कागदाशी ताडून पाहा. जुळत नसतील तर बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं : करपद्धत चुकीची धरली, ८७ए ची सूट राहिली किंवा उपकर राहिला.

सगळं भरून झालं की ‘प्रिव्ह्यू’ पाहा, पीडीएफ उतरवून घ्या आणि आधार ओटीपीनं ई-व्हेरिफाय करा. ई-व्हेरिफाय न करता बाहेर पडलात तर फॉर्म मसुद्यातच पडून राहतो, दाखल होत नाही. पोचपावतीचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा.

आता रिटर्न

फरक फॉर्म १६ मधल्या पगारातच मिसळलेला असतो. तो वेगळा काढून ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवायचा नाही. ‘सॅलरी’मध्ये जसा आला तसा ठेवा. रिटर्न भरण्याआधी २६एएस आणि एआयएस (तुमचा कापलेला कर आणि उत्पन्न यांच्या विभागाकडच्या नोंदी) उघडून तिथला पगार फॉर्म १६ शी जुळतो का, तेही बघून घ्या. फरकबिलावरचा टीडीएस कधी कधी कार्यालयाच्या तिमाही विवरणात राहून गेलेला असतो.

कर काढण्याच्या भागात ‘रिलीफ अंडर सेक्शन ८९’ असा रकाना असतो. आयटीआर-१ मध्ये तो कर आणि उपकराच्या बेरजेनंतर येतो, आयटीआर-२ मध्ये ‘पार्ट बी-टीटीआय’ या भागात. फॉर्म १०ई मध्ये आलेली सवलत तिथे तशीच टाकायची, आपल्या मनानं एक रुपयाही कमी-जास्त करायचा नाही.

आणि करपद्धत! फॉर्म १०ई नवी पद्धत धरून भरला आणि रिटर्न भरताना कुणीतरी ‘जुनीच फायद्याची’ म्हणालं म्हणून बदलली, तर दोन्हींतला यंदाचा कर जुळत नाही. ही सवलत दोन्ही पद्धतींत मिळते, पण रक्कम वेगळी येते. म्हणून फॉर्म भरण्याआधीच दोन्ही पद्धतींत ‘कर वजा सवलत’ असा शेवटचा आकडा काढून पद्धत ठरवून टाका. बिनसवलतीच्या करात जी पद्धत स्वस्त दिसते ती सवलतीनंतर स्वस्त राहीलच, असं नाही.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि दरवर्षी एखादा तरी विसरतो.

सवलत नाकारली तर

दोन प्रकारे कळवतात. कधी रिटर्नची प्रक्रिया होण्याआधी प्रस्तावित दुरुस्तीची सूचना येते. तिला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. पोर्टलवरच ‘असहमत’ निवडून फॉर्म १०ई चा पोचपावती क्रमांक आणि तारीख कळवायची. कधी थेट कलम १४३(१) चं सूचनापत्र येतं. त्यात दोन उभे रकाने असतात, एक तुम्ही दिलेल्या आकड्यांचा आणि एक विभागानं काढलेल्या आकड्यांचा. ‘रिलीफ’ची ओळ शोधा. डावीकडे ४६,८०० आणि उजवीकडे शून्य असेल तर घोळ तिथेच आहे.

फॉर्म रिटर्नच्या आधी भरलेला असेल आणि तरी नाकारली असेल, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज पोर्टलवरूनच करता येतो. फॉर्म भरायचाच राहिला असेल तर आधी तो भरा. सुधारित रिटर्नची मुदत शिल्लक असेल तर सुधारित रिटर्न भरून सवलत पुन्हा मागा, हा सर्वांत स्वच्छ रस्ता. मुदत संपली असेल तर दुरुस्तीचा अर्ज करून पाहावा. माझं काम त्यानं झालं, पण फॉर्म उशिराचा म्हणून अर्ज फेटाळला गेलेलेही आमच्यात आहेत. रक्कम मोठी असेल तर तिथे सीएची फी देणं परवडतं.

पुढच्या फरकासाठी

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे. २०२५-२६ पर्यंत मिळालेल्या फरकाला जुनाच कायदा, जुनंच कलम ८९ आणि फॉर्म १०ई. त्यानंतर मिळणाऱ्या फरकाला नव्या कायद्यातली हीच सवलत असेल. कलमाचा क्रमांक बदललेला दिसेल आणि ‘असेसमेंट इयर’च्या जागी ‘कर वर्ष’ आलेलं दिसेल.

फोडीचा तक्ता, मागच्या वर्षांची रिटर्नं, फॉर्म १०ई ची पीडीएफ, पोचपावती आणि हाताने मांडलेला हिशोब हे सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवा. आमच्याकडे एका सरांच्या वेतनश्रेणीचा फरक दोन हप्त्यांत आला, दोन वर्षांच्या अंतरानं. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी त्यांनी कपाटातून पिवळी पडलेली फाइल काढली आणि पहिल्या हप्त्याचे आकडे माझ्यासमोर ठेवले. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत त्यांचा फॉर्म भरून झाला होता.